चावडी कोण झाडणार

"काका, तुम्ही लढाईत किती माणसं मारली?"

विशाखानं विचारलं आणि घर जागच्या जागी थबकलं. तव्यावर रेशनच्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी टाकायला निघालेला मायचा हात अधांतरी राहिला. कोंडाआत्या सुपारी कातरत होती, तिचा अडकित्ता उघडाच राहिला. दाराशी बसून दादा खडी फोडायच्या हातोड्याला नवा दांडा बसवत होते. त्यांनी ठोकणं थांबवलं आणि लेकीकडं असं बघितलं, जणू ती शाळेतून नाही, थेट ठाण्यातून सुटून आली आहे.

खरं तर हा प्रश्न तिचा एकटीचा नव्हता. उद्या सोळा डिसेंबर. ढाक्याला शत्रूनं हत्यारं खाली ठेवली त्याला उद्या वर्ष होणार होतं. बांगलादेश नावाचा देश वर्षाचा होणार होता, आणि त्या लढाईवर जाऊन आलेला उंबरदेव गावचा एकुलता एक जवान, म्हणजे विशाखाचे साहेबराव काका, नेमके आत्ताच सुट्टीवर आले होते. म्हणून गावानं चावडीपुढं सत्कार ठरवला. कंधारहून तहसीलदार येणार, लोह्याहून शाळेचे हेडमास्तर येणार आणि भाषण करणार दहावी अ ची कुमारी विशाखा व्यंकटी सोनकांबळे. भाषण हेडमास्तर सरांनीच लिहून दिलं होतं. त्यात एक वाक्य होतं, 'या वीराने असंख्य शत्रूंना कंठस्नान घातले.' मधल्या सुट्टीत लिंबाखाली तिनं ते हात उंचावून म्हणून दाखवलं, तर मैत्रीण गुरम्मानं शेंगा सोलता सोलता विचारलं, "असंख्य म्हंजे किती गं?"

"म्हंजे लई."

"लई म्हंजे? दहा? पन्नास?"

हलिमा म्हणाली, "हिला काय माहीत! काकाला विचारायची हिंमत लागते. माईकसमोर बोलणं सोपं असतंय."

झालं. संध्याकाळच्या आत विचारलं नाही तर दोघींची दप्तरं आठवडाभर विशाखानं वाहायची, अशी पैज लागली. मागच्या वर्षापर्यंत हीच पोरगी हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा मान खाली घालायची. पण गेल्या महिन्यात नांदेडच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला टाळ्या पडल्या आणि त्या टाळ्या अजून तिच्या कानातून उतरल्या नव्हत्या. लोह्यापासून तीन मैल चालत येताना ती बाभळींना भाषणं ठोकायची. प्रश्न पोटात ठेवणं आता तिच्या जिवाला मानवत नव्हतं.

साहेबराव काका घोंगडीवर मांडी घालून बसले होते. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"एकबी न्हाई," ते म्हणाले.

"एकबी?"

"एकबी न्हाई."

"आरं दळभद्र्या!" कोंडाआत्या उसळली. ती काकांची थोरली बहीण. अहमदपूरकडं दिलेली, भावाच्या सत्कारासाठी दोन दिवस आधीच येऊन बसलेली. "मी अहमदपूरच्या बाजारात चाळीस सांगून बसले की रं! धोंडाबाई तर म्हणली, तुझा भाऊ कोंडे, वाघ हाय वाघ. आता तिला काय सांगू, वाघानं उंदीरसुद्धा मारला न्हाई म्हणून?"

कोपऱ्यात पोतं पसरून बसलेली सरजाबाई आजी खुदकन हसली. तिला दोनच दात राहिले होते आणि दोन्ही हसण्यासाठीच राखले होते.

"आक्का, मी डायवर हाय," काका म्हणाले. "ट्रक चालवतो. लढाई चौदा दिवसांची. तेवढ्यात मी पुढच्या लोकास्नी दारूगोळा आन पाणी पोचवलं. माझं खरं काम सुरू झालं ते लढाई सरल्यावर. इकडं आपल्या छावण्यांत पडलेली माणसं उचलायची आन पलीकडं त्यांच्या गावात नेऊन सोडायची. जानेवारी, फेब्रुवारी, रोज तेच. पूल सगळे तुटलेले. नदी आली की ट्रक तराफ्यावर चढवायचा. नदी म्हंजे आपली मन्याड न्हाई. ह्या काठावर उभं राह्यलं तर त्यो काठ दिसत न्हाई."

माय पहिल्यांदाच बोलली. "येवढं पाणी?" आणि तिनं डोळे मिटून घेतले. दोन साल उंबरदेवच्या विहिरींनी तळ दाखवला होता. एका घागरीला दीड मैल.

"एक म्हातारा व्हता," काका सांगत राहिले. "सारखा म्हणायचा, थांबव, इथं. मी थांबवायचो. उतरून बघायचा, मान हालवायचा, पुन्हा चढायचा. चारदा झालं. माझा साथीदार चिडला. म्हणला, ह्याला सोताचं गाव ठावं न्हाई का? ठावं कसं असंल? घरं जाळलेली, झाडं तोडलेली. शेवटी एका तळ्यापाशी उतरला, वंजळीनं पाणी प्याला आन म्हणला, हेच. घर गेलं, झाड गेलं, तळं कुठं जातंय?"

विशाखाला दप्तरातला कागद आठवला. हेडमास्तरांच्या भाषणात यातलं काहीच नव्हतं. त्यात नुसत्या तोफा धडधडत होत्या.

"मंग आता तिकडं सगळं चांगलं झालं असंल," ती म्हणाली. "देश मिळाला ना त्यांना."

"मिळाला. नऊ महिन्यांत मिळाला."

"आमच्याकडं बघा," आत्यानं तोंड घातलंच. "लातूर जिल्हा करा म्हणून आमची लोकं किती वरसं बोंबलून राहिली. त्यास्नी देश मिळतो आन आमास्नी साधा जिल्हा मिळंना. कागदाला अजून उस्मानाबादच गाठावं लागतंय."

"जिल्हा झाला तरी कागद कुणाच्या हातात, ते बघावं लागंल, आक्का." काकांचा आवाज खाली आला. "तिकडं एका गावात मी धान्याची पोती घिऊन गेलतो. झेंडा नवा. पोष्टाचं तिकीट जुनंच, पर वर रबरी शिक्का हाणून नव्या देशाचं नाव. लोकं लई खुशीत. आन टेबल टाकून यादी करायला कोण बसलेलं? जुन्या राजवटीत बसायचा, त्योच माणूस. त्याच टोपीत. ज्यांची घरं जळाली त्या बाया लांब उनात, आन ह्याची भावकी पुढं."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करतो? डायवर माणूस. पोती उतरली, सही घेतली, ट्रक वळवला." त्यांनी घोंगडीवरचा एक धागा ओढला. "तू इचारलंस ना, किती मारले. त्याची मला काय टोचणी न्हाई. ट्रक वळवला, त्याची हाय."

तेवढ्यात बाहेरून खाकरल्याचा आवाज आला.

अंगणाच्या कडेला बसवंत उभा होता. तलावाच्या दुष्काळी कामावरचा मुकादम आणि सरपंच शेषेरावांचा भाचा. पन्नाशीचा, साधासुधा, पोटातली गोष्ट ओठावर आणताना नेहमी कान खाजवणारा. अंगणात तो कधी येत नसे, आजही आला नाही.

"या की बसवंतराव," दादा उठले. "च्या टाकायला सांगू?"

"नगं नगं. निरोप सांगतो आन जातो." त्यानं काकांना पाहून सलाम केल्यासारखं केलं. "सरपंचांनी सांगितलंय, मंडप उद्या दहाला. तहसीलदारसायबांची जीप येणार. तवा पहाटं एक बाई धाडा म्हणले, चावडीपुढचं झाडून काढायला आन सडा मारायला. पाण्याची दोन पिपं ठिवलीत."

 मग काकांनी अगदी सावकाश, पावती फाडल्यासारखा एकेक शब्द सुटा करून विचारलं, "सत्कार कुणाचा हाय, बसवंतराव?"

"आता ते काय इचारनं? तुमचाच."

"आन झाडायचं कुणी?"

"तुमच्याच..." बसवंत थांबला. आपण काय बोलतोय ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. तो कान खाजवू लागला. "म्हंजे रीत हाय म्हणून. पूर्वापार तुमच्याच घराकडं हाय ना चावडी."

"कसली रीत?" दादांचा आवाज चढला. "छप्पन साली सोडलं आम्ही ते. दीक्षा घिऊन आलो आन दुसऱ्या दिशी त्याच चावडीपुढं खराटा टाकला मी. अख्ख्या गावानं बघितलंय."

"न्हाई, पर मागं आठ-धा वरसांखाली तर..." बसवंतची नजर कोपऱ्यातल्या आजीकडं गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली. "जाऊ द्या. मी निरोप्या माणूस. दिवेलागणीला येतो, काय ते सांगा."

"आन न्हाई म्हणलं तर?" आत मायच्या बाजूनं आवाज आला.

बसवंत जाता जाता वळला. त्याला हे बोलायचं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "तर काय न्हाई, चांगुणाबाई. सोमवारी नवा हजेरीपट निघतोय. माणसं कमी करा म्हणून वरनं हुकूम हाय. कुणाची नावं कमी करायची ते सरपंच सांगणार हायेत. बस."

तो गेला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास घरभर पसरला.

त्या हजेरीपटावर या घरातली तीन नावं होती. दादा खडी फोडायचे, माय पाट्या वाहायची, आजी कामावरच्या बायांची तान्ही लेकरं सांभाळायची. तलावाच्या त्या कामावर सगळा गाव होता. एरवी माडीवरून खाली न उतरणाऱ्या घरच्या बायाही तोंडावर पदर ओढून खडी फोडत होत्या. त्या कामाशिवाय कुणाचीच चूल पेटत नव्हती. घरची दोन एकर कोरडवाहू तर अशी भेगाळली होती की विशाखाची पट्टी तीत उभी मावायची.

"ठरलं," काका म्हणाले. "सत्कारच नगं. मी उद्या चावडीकडं फिरकत न्हाई."

"आन सोमवारी?" दादा म्हणाले.

"बघू की सोमवारचं."

"तू कुठं बघणार? मंगळवारी तुझी गाडी हाय. तू नांदेडला जाशील, रेल्वेत बसशील, तुला पलटणीत दोन टायमाचं ताट हाय. तुझं न्हाई म्हणणं सस्तं हाय, सायबू. माझं महाग पडतंय."

"भाऊ, तू बोलून राहिला हे? तू खराटा टाकला व्हता!"

"टाकला व्हता. तवा मी पंचवीस वरसांचा व्हतो आन हिरीत पाणी व्हतं!"

दादांचा आवाज फाटला. विशाखानं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. लहानपणापासून ती एकच गोष्ट ऐकत आली होती. तिच्या बापानं सगळ्या पंचांपुढं खराटा कसा टाकला, कसा तो मागं न बघता चालत आला. शाळेत 'माझा आवडता वीर' निबंधात तिनं काकांवर नाही, दादांवर लिहिलं होतं. तो कागद दादांना कधी दाखवला नव्हता, एवढंच.

आत्यानं सुपारी गालात सारली. "मी सांगू का? पहाटंच्या अंधारात चार फराटे मारायचे. कोण बघतंय? तोंड बांधून चांगुणा जाईल आन येईल. सायबाचा हार बी ऱ्हाईल आन तुमची हजेरी बी."

"हार?" काका म्हणाले. "त्या हारात माझा गळा न्हाई जायचा, आक्का."

"तुझा गळा लई मोठा झाला रं तिकडं जाऊन!"

"आत्या, पण माय का जाईल?" विशाखाला राहवेना. "रीत तर कवाच मोडली."

"गप गं. मोठी माणसं बोलून राहिलीत."

"मोडली न्हाई," कोपऱ्यातून आजी म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. दोघं भाऊ आपल्या आईला बाई म्हणत. दादा म्हणाले, "काय म्हणलीस, बाई?"

"मोडली न्हाई म्हणले. तू टाकलास खराटा, व्यंकटी. मी उचलला."

बाहेर कुणाची तरी बकरी ओरडत होती. ती ओरडायची थांबली तेव्हा दादा आजीकडं एक पाऊल सरकले.

"सायबूची भरती व्हायची व्हती," आजी सांगू लागली. बोलताना ती पोत्याची शिवण बोटानं चाचपत होती. "त्रेसष्ट साल. भरतीला चालचलनाचा दाखला लागतो म्हणले. दाखला देणार पाटील, ह्या शेषेरावचा बाप. तुम्ही दोघं तवा उसाच्या तोडीला गेलता. मी गेले इचारायला. त्यानं पान खाल्लं, चावडीकडं बघितलं आन म्हणला, सरजा, चावडी लई घाण झाली गं. येवढंच. झाड म्हणला न्हाई, दाखला देत न्हाई म्हणला न्हाई. दुसऱ्या दिशी मी पहाटं गेले. तीन महिने गेले. दाखला आला. सायबू गेला. मंग बंद केलं."

"तीन महिने?" दादा.

"तीन."

"आन मी छाती काढून सांगत फिरलो गावभर, की आमच्या घरानं..." दादा खाली बसले. हातोड्याचा दांडा त्यांच्या मांडीवरून घरंगळला. "लोकं हसली असतील, बाई."

"न्हाई हसली. कुणी बोललं न्हाई. तुला कुणी सांगितलं न्हाई, एवढी तर अब्रू गावानं राखली तुझी." आजीचा आवाज एकदम कडक झाला. "पर चूक माझीच हाय ती. केलं त्याची न्हाई. लेकरासाठी केलं, उद्या बी करीन. लपून केलं, ती चूक. मी चारचौघांत झाडलं असतं तर तू तिथंच येऊन भांडला असतास. मी लपून झाडलं, म्हणून शेषेरावला वाटतंय की हे घर वर न्हाई म्हणतंय आन खालून झाडतंय. आज त्यानं नवं काय मागितलं न्हाई. माझ्याकडनं मिळालेलंच मागून राहिला."

काका उठून उभे राहिले. पत्र्याला डोकं लागेल एवढे उंच. लष्करात ते शिपायाचे नाईक झाले होते. गावातल्या पोरांना सलाम ठोकायला शिकवायचे. आता त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. खिशात घातले, काढले, परत घातले.

"म्हंजे माझी भरती," ते म्हणाले, "तुझ्या खराट्यावर झाली."

"आता रडू नगंस. तेवढ्यासाठी झाडलं न्हाई मी."

कोंडाआत्यानं पदरानं नाक पुसलं. पण तिचं डोकं हिशेबी. रडतानाही ते चालायचं थांबत नसे. "मंग बाईनं तीन महिने केलं तर चांगुणानं एक दिवस केल्यानं काय आभाळ कोसळतंय?"

"आक्का!" काका ओरडले.

"वरडू नगं माझ्यावर. मी काय माझ्यासाठी सांगून राहिले?"

"चांगुणा जाणार न्हाई," आजी म्हणाली.

"मंग तुमच्यातलं कोण जाणार? आन सोमवारी खाणार काय? सांगा की!"

सगळे एकदम बोलू लागले. काका म्हणत होते आपण पगारातून धाडू. दादा म्हणत होते तुझी लेकरंबाळं हायेत, तू किती धाडशील. आत्या म्हणत होती सगळ्यांनी उठून तिच्याकडं चला. आजी म्हणत होती, तुझ्याकडं तर पाण्याचा टँकरसुद्धा येत न्हाई. या गोंधळात माय शांतपणे उठली. तिनं करपलेली भाकरी कडेला ठेवली, हात धुतल्यासारखे पदराला पुसले आणि आडव्या दांडीवरून शिंदीचा खराटा काढला. त्याची सैल झालेली सुतळी ती दातानं ओढून आवळू लागली.

"वयनी, हे काय?"

"कुणी मला इचारलं का?" माय म्हणाली. सुतळी दातांत होती, तरी शब्द स्पष्ट आले. "सगळी माझंच नाव घिऊन भांडून राहिलीत. चांगुणा जाईल, चांगुणा जाणार न्हाई. मी काय पाटी हाय का, ह्यानं उचलायची, त्यानं ठिवायची?"

"मंग तू सांग," दादा म्हणाले.

"जाते मी."

"माय!"

"तू गप." मायनं विशाखाकडं न बघता सांगितलं. "ऐका. सोमवारी तीन नावं कटली तर पहिलं काय सुटंल ह्या घरातलं? तुमची बिडी न्हाई सुटणार. आत्याबाईची सुपारी न्हाई सुटणार. ह्या पोरीची शाळा सुटंल. कागद, पेन, परीक्षेची फी, सगळं सुटंल आन ही माझ्यासंगं दगड फोडायला बसंल, कुठल्या तरी दुसऱ्या गावाच्या कामावर. दहावीपर्यंत आणली हिला. एक वरीस राह्यलंय अकरावीच्या मॅट्रिकला. बाईनं सायबूसाठी झाडलं ना? मी हिच्यासाठी झाडते. एक दिवस. मला काय लाज न्हाई त्याची."

 आत्यानं अडकित्ता मिटून ठेवला. बाहेर ऊन उतरलं होतं आणि बसवंतला यायला फार वेळ नव्हता.

 आतापर्यंत विशाखा हे भांडण एखादी गोष्ट ऐकावी तसं ऐकत होती. पाटील वाईट, आजी भोळी, दादा बिचारे. आणि आता त्या गोष्टीत एकदम तिचं नाव आलं. काकांच्या वेळी दाखला होता. आता तिची शाळा होती. पुढं कधीतरी तिच्या लेकराचं काहीतरी असेल, आणि पहाटे तोंड बांधून ती निघाली असेल. तिला स्वतःची ती पाठ अगदी स्वच्छ दिसली.

तिला राग आला. मायचा नाही, आजीचा तर नाहीच. लाजेनं मान खाली जाते तो राग नव्हता तो. नांदेडला तिच्याआधीच्या मुलीचं भाषण फार छान झालं होतं, आणि आता आपली पाळी, म्हणून पाय लटपटण्याऐवजी घट्ट रोवले गेले होते, तसा तो राग होता.

तिनं दप्तरातून भाषणाचा कागद काढला. सरांचं वळणदार अक्षर. 'असंख्य.' 'कंठस्नान.' 'धन्य ते उंबरदेव ग्राम.' तिनं त्याची शांतपणे चौघडी घातली आणि तो दप्तरातच परत ठेवला. मग ती मायसमोर जाऊन बसली.

"माय, एक सांग. बसवंतकाका मघाशी अंगणाबाहेर काय म्हणाले? हजेरीपटावरून नाव काढू, असं म्हणाले?"

"तेच की."

"न्हाई. ते म्हणाले, वरनं हुकूम हाय. तसं कुणीच बोलत न्हाई. मोठा पाटील पण बोलला न्हाई, झाड म्हणून. आजीला नुसतं म्हणाला, चावडी घाण झाली. ती माणसं सगळं अर्धंच बोलतात. उरलेलं आपण घरात बसून आपलं आपण बोलतो आन आपणच करतो."

आजीनं मान वर केली.

"मंग?" काका म्हणाले. ते आता तिच्याकडं बघत होते, जसं एखाद्या रस्त्याकडं बघावं, की पुढं पूल आहे की नाही.

"मंग ते पुरं बोलायचं. सगळ्यांसमोर."

"कुणी बोलायचं?" दादांनी विचारलं, पण त्यांना उत्तर आधीच कळलं असावं, कारण ते घाबरलेले दिसत होते. "इसाखा, हे बघ, शाळेत टाळ्या पडतात, ते निराळं असतंय. इथं तहसीलदार, पंच, सगळी बसलेली..."

"म्हणून तर!" ती उठूनच उभी राहिली. बसून बोलणं तिला जमेना. "तहसीलदार बसलेले पाहिजेत. हजेरीपट त्यांच्या कचेरीचा हाय, शेषेराव आजोबांच्या घरचा न्हाई. उद्या त्यांच्यासमोर सगळ्या गावानं एकदा ऐकलं, की सोनकांबळ्यांना चावडी झाडायला सांगितली आन त्यांनी न्हाई म्हणलं, की सोमवारी आपली नावं कशी कटतील? गपचिप कटली असती. उघड्यावर कटायची न्हाईत."

"आन कटली तर?" आत्या म्हणाली. पण तिच्या आवाजात आता जोर नव्हता, कुतूहल होतं.

"कटली तर कटली. पण मग का कटली ते अख्ख्या तालुक्याला ठावं असंल, आत्या. आन कंधारच्या कचेरीत अर्ज घिऊन मी जाईन. मराठी पहिला नंबर हाय माझा."

कुणी हसलं नाही. आजी मात्र पुढं सरकून बसली, दोन्ही दात दाखवत. माय खराटा हातात धरून तशीच उभी होती. विशाखानं तिच्या हातातून तो काढून घेतला नाही. तिला वाटलं, तो मायनंच ठेवला पाहिजे.

बाहेर पाऊल वाजलं. बसवंत परत आला होता, अंगणाच्या त्याच कडेला, तोच कान खाजवत.

दादा उठायला लागले. काका दाराकडं निघाले. विशाखा दोघांच्या आधी उंबऱ्यावर गेली आणि बाहेर तोंड करायच्या आधी तिनं मागं वळून आईबापाकडं पाहिलं.

"दादा, माय, निरोप मी सांगते. आपल्या घरातून चावडी झाडायला कुणी येणार न्हाई. माझ्या शाळेसाठी तर मुळीच न्हाई. काकांचा सत्कार होणार, तुम्ही दोघांनी पुढच्या रांगेत बसायचं, आजीनं तुमच्या मधी. आन भाषण मी करणार, सरांनी दिलेलं न्हाई, माझं. चावडी तशीच धुळीनं भरलेली असंल. मी त्या धुळीत उभी राहणार आन पहिलं वाक्य हेच बोलणार, की ही चावडी आज का झाडलेली न्हाई."